बुडाशी चिकटलेलं नाव

सकाळी सहालाच पॅकिंग शेडवर गेले, व्हर्नेल.
डागी पीच अजून बादलीनंच देतात,
फक्त बादली आता प्लास्टिकची
आणि देणारं पोर मला ओळखत नाही.
"जॅमसाठी का, मॅडम?"
म्हटलं, मयताच्या जेवणासाठी.
मग त्यानं वरून चार चांगले घातले.

जुलै संपत आलाय.
एजफील्डच्या लाल मातीचा नुसता तवा झालाय,
आणि मी ओव्हन पेटवून बसलेय.
लोक म्हणतील, म्हातारीला वेड लागलं.
लागू दे.

पाणी उकळलं. पीच आत. तीस आकडे मोजले,
मग बर्फात.
साल अशी उतरते,
जशी ताप उतरलेल्या पोराच्या अंगावरून ओली बंडी.
काहींची नाही उतरत. त्यांना सुरीच लावावी लागते.
आपण दोघी त्यातल्या.

अकरा वर्षं.
चर्चच्या जेवणात, शंभर माणसांसमोर,
माझ्या कॉब्लरमध्ये चमचा उभा करून म्हणालीस,
"अर्लीन, हा कॉब्लर नव्हे, घाम फुटलेला केक."
माणसं हसली. पाद्री हसला.
माझा नवराही हसला,
त्याचं त्यानं नंतर भोगलं.

मी वितळल्या लोण्यावर पातळ पीठ ओतणारी,
त्यावर फळ. ढवळायचं नाही.
पीठ आपलं आपण वर येतं,
आत, कुणी बघत नसताना.
तू पीठ लाटून वरून झाकणारी,
कडा अंगठ्यानं दाबत दाबत,
जणू आतलं काही पळून जाणार होतं.
माझी दालचिनी. तुझं जायफळ.
बस, एवढंच.
एवढ्यावरून एका कुंपणाच्या दोन बाजूंना
आपण अकरा वर्षं कपडे वाळत घातले,
आणि पलीकडे चिमटा पडला
तर तो पडलेलाच राहिला.

तुझी काचेची डिश त्या दिवसापासून माझ्याकडेच.
परत करायची तर बोलावं लागलं असतं.
बुडाला चिकटपट्टी, तीवर निळ्या शाईत
व्ही. गॅड्सडेन.
घासून घासून कोपरे पांढरे पडले काचेचे,
नाव काही निघालं नाही.

आज तीच काढली.
जायफळ किती, ते कुणी सांगितलं नव्हतं.
पण माझ्या मोरीच्या खिडकीतून तुझी ओट्याची खिडकी दिसायची.
किसणीवर तीनदा ओढायचीस, थांबायचीस,
इकडेतिकडे बघून चौथ्यांदा.
मी चौथ्यांदा ओढताना इकडेतिकडे बघितलं.
लाटणं माझ्याकडे नाही, कधी लागलंच नाही.
व्हिनेगरच्या बाटलीनं लाटलं.
कडा दाबल्या. चिरा पाडायच्या राहिल्याच होत्या,
वाफेला वाट नको का,
ओव्हनचं दार उघडून घाईनं तीन पाडल्या.
मनगट भाजलं. ते तुझ्या खाती.

दुपारी तुला लाल मातीत ठेवून आलो.
चर्चच्या तळघरात पंखे नुसते गरम हवा फिरवत होते.
केंड्रा शार्लटहून आलेली, तुझ्यासारखीच ताठ,
दिवसभर डोळ्यांतून टिपूस नाही.
तिनं एक चमचा खाल्ला.
थांबली. डिश तिरकी करून बुडाखाली वाकून बघितलं.
"मम्मानं फ्रीजरमध्ये ठेवला होता हा?"

इतकी माणसं भोवती.
माझा घाम फुटलेला केक आठवणारीही त्यात होती.
म्हटलं, हो.
शेवटचा.

मग ती बसली खाली, खुर्ची न बघता,
आणि संपेपर्यंत उठली नाही.
डिश धुऊन घेऊन गेली गाडीत,
सीटबेल्ट लावून.

आता माझ्याकडे तुझं काही नाही.
अर्धी बादली तेवढी उरलीय,
उद्यापर्यंत काही टिकायची नाही.
आणि हो, व्हर्नेल,
तुझा जरा जास्तच गोड होतो.
त्या दिवशी मी हेच सांगणार होते,
तू आधी बोललीस.