नाव ठेवताना

जायभावेकाका लाइटबिल घेऊन जिन्यात उभे.
"कोपऱ्यातल्या खोलीत रात्रंदिवस
घरघरतं ते काय?"
सर्व्हर, मी म्हटलं.
"म्हणजे?"
म्हणजे जुना कॉम्प्युटर,
सातपूरच्या भंगारातून आणलेला.
त्यावर आम्ही चौदा जण राहतो.
काका एक पायरी मागे सरकले:
"भाडेकरार दोघांचा आहे."

'विकेंद्रित समाजमाध्यम' असा एक शब्द
माझ्याकडे होता, इस्त्रीचा, घडी न मोडलेला.
तो तर्रीबरोबर तोंडात धरून बघा,
पाव आधी संपतो.
नुसरत कोकणी म्हणाली, फेडिवर्स म्हण सरळ.
ती घरी तसं म्हणाली, तर अब्बांनी
तेवढं 'फेडि' ऐकलं आणि विचारलं,
कुणाचं कर्ज फेडतेयस, पोरी?
चव्हाटा म्हणावं, तर तिथं अब्रू जाते.
पार म्हणावं, तर उत्कर्ष हसला:
इंदिरानगरात पार कुठला? पार्किंग आहे.
शेजार बरा वाटला दोन दिवस,
पण एक शेजारी धुळ्याला, एक कुडाळला,
वाटीभर साखर कशी मागायची?

"मालक कोण याचा?"
कुणीच नाही.
"बिल कोण भरतं?"
मी.
"मग मालक तूच की."

तेव्हा आठवलं, काका मूळचे तिवंध्याचे.
म्हटलं, काका, रंगपंचमीची रहाड.
ज्या त्या चौकाची आपली,
रंग आपला, रंग उकळणारे हात आपले,
उडी मात्र कुणीही मारावी, कुठेही.
एकीत भिजलेला दुसरीकडे निघाला
तर वाटेत कुणी दाखला मागत नाही.
तसं आहे हे.

काकांनी बिलाची घडी घातली. उलगडली.
"रहाड वर्षभर बुजवलेली असते.
वरून गाड्या जातात.
तुझी बारा महिने उघडी.
कुणी पडलं म्हणजे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
मागच्याच महिन्यात एक जण पडला होता,
काहीबाही लिहून, दारूत.
त्याला बाहेर काढायचं की हात द्यायचा
यावर आम्ही तेरा जण
पहाटे तीनपर्यंत भांडत होतो.

नावं ठेवायला सगळे बसतात,
नाव ठेवायला कुणी बसत नाही.
ते कुणाच्या तरी घाईत पडतं.
गोदावरी कागदावर वाहते;
भाजी आणायला माणूस
गंगेवरच जातो इथं.

शनिवारी संध्याकाळी लाइट गेली.
घरघर थांबली, आणि पहिल्यांदा कळलं
खोलीत घड्याळही आहे.
खालून काकांची हाक:
"काय रे, तुमचं तिकडं बंद पडलं का?"
पडलं, मी अंधारातून ओरडलो.
"सगळंच?"
नाही. फक्त आपलं.
जरा वेळ काहीच नाही.
मग जिन्यात चपला वाजल्या,
आणि काका इन्व्हर्टरची वायर घेऊन वर आले,
बिलाबद्दल पुटपुटत.