डाव्या पायाचं कलबूत

कॅम्पातल्या फिश मार्केटच्या मागं आमचं दुकान.
फळीवर लाकडी कलबुतं, अण्णांच्या हातची.
एकच पुढून तिरकं छाटलेलं.

मेजर भरमाजी मुतगेकर पहिल्यांदा आले तेव्हा
लोंढ्याची गाडी अजून मीटरगेज होती
आणि अण्णांना सुईचं भोक दिसत होतं.
कागदावर चित्र काढून आणलेलं:
कुत्र्याचा पंजा, मापं इंचात.
बत्तीस पाहिजेत, म्हणाले. आठ कुत्री.
"सायब, चेष्टा करूलायसा काय?"
"नाही रे. उत्तर ध्रुवाकडं जाऊलोय.
तिथल्या बर्फाला काचेची धार असते."

अथणीहून मऊ कातडं आलं.
आईनं वाद्या विणल्या,
मी दुसरीत होते, गाठी मोजल्या.
गल्लीतली कुत्री उंबऱ्याशी बसून
आपल्याला मिळतील म्हणून बघत राहिली.

दसऱ्याला परतले, काठी टेकत.
एक पंजाबूट काउंटरवर ठेवला.
"रामलिंग, शिवण उसवली नाही बघ.
एकाही कुत्र्याचा पंजा फाटला नाही.
माझ्या पायात मात्र सरकारी बूट होते."

अण्णा हसले नाहीत.
पाय मांडीवर घेतला, मग कागदावर उतरवला.
पेन्सिल जिथं तीनदा वळायची
तिथं सरळ निघून गेली.

मग दर वर्षी एक जोड.
स्टुलावर बसून, आमच्याच कपातला चहा,
आणि थोडं थोडं सांगणं, उधारी फेडल्यासारखं:
दिवसभर स्लेज ओढून बारा किलोमीटर उत्तरेला.
रात्री, म्हणजे रात्र नव्हतीच, सूर्य तसाच उभा,
झोपलो, तर खालचा बर्फच दक्षिणेला वाहिला.
उठून बघतोय तर नऊ किलोमीटर मागं.
अण्णा म्हणाले, आमचा धंदा बी तसाच.

शाई गोठते म्हणून रोजनिशी शिसपेन्सिलीत.
होन्न्या नावाचा कुत्रा भेगेत लोंबकळला,
त्याच्यामागं बाकीचे सात घसरायला लागले,
पट्टा कापणारा हात मेजरांचा होता.
हे त्यांनी नाही सांगितलं.
त्यांचे सुभेदार चप्पल शिवायला आले तेव्हा बोलले.
बत्तिसातले चार बूट होन्न्यासोबत गेले.
अण्णांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

सत्कार दोन झाले,
एक मराठीत, एक कन्नडात, आठवड्याच्या अंतरानं,
दोन्हीकडं 'आमचे सुपुत्र'.
दोन्ही शाली त्यांनी आणून टाकल्या माझ्यापुढं:
"एक उजव्यात, एक डाव्यात. अस्तर लाव, पोरी.
चैत्रातसुद्धा पाय गार पडतो."
कुठली कुठं लावली, आता आठवत नाही.
उसवलं तरच कळेल.

गेल्या माघात गेले.
सेंटरच्या मैदानावरचा बिगुल
दुकानापर्यंत ऐकू आला. मी टाका अर्धा सोडला.
शेवटचा जोड तयार होता.
मुलगा बेंगळुरूहून आला, राहिलेले पैसे दिले,
चपला नेल्या नाहीत.
कुणाला होणार?

वाळवी लागू नये म्हणून
कलबुताला करडीचं तेल लावते.
गिऱ्हाइकांची पोरं विचारतात, हे मोडलं कसं?
मोडलेलं नाही, म्हणते. मापाचं आहे.

फळीवर त्याचं तोंड उत्तरेला येतं.
मी मुद्दाम नाही ठेवलेलं.
अण्णांनी फळीच तशी ठोकलीय.