सैल खिळा

टेबलावर आठवडाभर नमुने पडून होते:
व्हिनाइलचे, सीडरचे, आणि सिमेंटच्या पट्टीचा एक जड तुकडा,
त्यावर आम्ही चहाचे कप ठेवायचो.
हेरंबला सीडर हवं होतं. वासासाठी.
मी म्हटलं, वास पहिल्या हिवाळ्यापुरता,
मग दर तीन वर्षांनी शिडी, ब्रश आणि तुझी कंबर.
शिवाय जुन्या भिंतीत सुतारपक्ष्यानं पाडलेली
सात भोकं कुणी बुजवली होती?

शेवटी व्हिनाइल.
रंग साध्या वरणाचा,
कॅटलॉगात त्याला भलतंच नाव होतं.

होटनच्या उतारावर, कालव्याचं वारं अंगावर घेत
रेनो केत्तुनेन पट्ट्या लावत होता. वय एकाहत्तर.
हेरंब खालून ओरडला, खिळा बसला नाही अजून!
बसवायचाच नाही, रेनो म्हणाला.
नाण्याच्या जाडीइतकी फट ठेवायची.
उन्हात ही लांबते, थंडीत आखडते,
आवळलीत तर फुगते.
हेरंबनं माझ्याकडे पाहिलं.
मी शिडी धरली होती, शिडीकडेच पाहत राहिले.

मे महिन्यात, बर्फ गेल्यावर,
उत्तरेची भिंत शेवाळते.
बादलीत साबण, थोडं व्हिनेगर, मऊ ब्रश;
खालून वर घासायचं, वरून खाली धुवायचं,
जोराचा फवारा नाही, पाणी आत शिरतं.
हे काम हेरंबचं. कुरकुरत करतो,
आणि नळामागचा कोपरा दर वर्षी सोडतो.

चारच्या उन्हात दक्षिणेची भिंत टिकटिकते.
पाहुणे बोलता बोलता थांबतात.
पट्ट्या आहेत, मी सांगते.
हेरंब तरीही उठतो,
खाली गवतात एखादा खिळा पडलाय का
बघून येतो.