सोमवारी विमान धुताना

दर सोमवारी मी विमानाला अंघोळ घालते.
शिडी, दोन बादल्या, जुन्या बनियनची फडकी.
वरळीचा खारा वारा आठवडाभर
त्याच्या अंगावर मीठ लिहीत बसतो,
मी पुसते.

मागच्या नळकांड्यात साळुंकीचं घरटं.
तिथे पाणी मारायचं नाही.
हा नियम माझा.

पाटीवर त्याचा वेग आहे, वजन आहे, साल आहे.
पोरं पाटी वाचत नाहीत,
चाकाला लाथ मारून बघतात.

एका सोमवारी फाटकाशी म्हातारा.
आज बंद, म्हटलं.
पास्कल डाबरे, म्हणाला, वसईहून आलोय.
आत नको सोडूस, फक्त एक बघून ये.
डाव्या पंखाखाली, पोटाकडून तिसरा पत्रा,
कोपऱ्यातला स्क्रू.
बाकीचे चपटे, तो गोल डोक्याचा असेल.

रात्रीचे अडीच, वाळवंट,
टॉर्चच्या काचेवर काळा कागद,
हाताला लागला तो बसवला.
पहाटे ते उडालं.
परत येईपर्यंत मी चहासुद्धा घेतला नाही.
कुणाला बोललोही नाही,
बायकोलाही नाही.

मी ओणवी झाले, अंगठ्यानं चाचपलं.
सहा वर्षं इथेच
माझं फडकं अडकायचं
आणि मी शिवी हासडायचे.

आहे! मी तिथूनच ओरडले.
गोल आहे!

त्यानं टोपी काढली, परत घातली.
गंजलाय का गं?
थोडासा, म्हटलं.

बराच गंजलाय.

आता सोमवारी, सगळ्यात शेवटी,
घरून आणलेलं खोबरेल
त्याला लावते,
बोटभर.