निधान

याव ऊर, असं विचारलं शिवपुत्र मास्तरांनी
वहीतून मान वर न करता.
कन्नड मला येतं, बसपुरतं, पगारापुरतं,
खरं भोवती सगळे दंड, सगळ्या छात्या,
मी श्वास भरून सांगितलं, छत्तीस.
अख्खी व्यायामशाळा हसली,
खालचं टायरचं दुकानसुद्धा.
गाव विचारत होते ते.
जांबोटीच्या पलीकडं, म्हणालो, श्वास सोडून.

पहिल्याच आठवड्यात दांड्याला एवढ्या चकत्या चढवल्या
की भरमाणी, जो तीन वर्षं येतोय,
आपली पाण्याची बाटली उचलून लांब जाऊन बसला.
उचललं मी. म्हणजे पाठीनं उचललं,
भरलेला पोहरा हिसकावा तसं,
कणा कोयत्यासारखा वाकवून.
श्वास कुठं होता कोण जाणे,
नजर आरशात होती.

निधान, मास्तर ओरडले. निधान!
आधी ऐकू आलं, निधन.
मग वाटलं आपलंच निधान,
पुरलेला हंडा, मोहरा,
आणि मी आणखी जोरात खणलं.

कन्नडात निधान म्हणजे सावकाश.
हे कळलं तेव्हा मी उताणा होतो
आणि कमरेत कुणीतरी खिळा मारत होतं.

अकरा दिवस मान वळवून बघितलं नाही,
कपाट फिरवतात तसा अख्खा फिरलो.

आता गंमत ऐका.
उद्यमबागेत नऊ वर्षं मी लेथवर आहे.
नवा पोरगा आला की मीच सांगतो,
एकदम खोल कट घेऊ नको बाबा,
टूल तुटतं, जॉब तापतो, माप जातं.
थोडं घे. परत ये. मधे थंड होऊ दे.
परक्या कंपनीच्या पोलादाला इतकी माया,
आणि माझी हाडं तेवढी
रात्रपाळीच्या घाईत कापायला काढलेली.

सोमवारी छाती, मंगळवारी छाती,
बुधवारी मोबाईलवर बघितलेलं काहीतरी,
गुरुवारी दुसऱ्याच कुणाचं.
पाय काय शर्टातून दिसतात?
दुखलं नाही की चुकल्यासारखं व्हायचं,
दुखणं म्हणजे पावती वाटायची.
अंडी किती खाऊ, दूध किती, विचारत फिरलो.
मष्णूमामा, आमच्या फाउंड्रीतला जुना ओतारी,
साच्यावरची वाळू झटकत म्हणाला,
झोपतोस किती ते सांग की आधी.
सांगितलं नाही.

त्या चकत्या आमच्याच गल्लीत ओतलेल्या.
एक पिशवीत घालून नेली,
डिस्पॅचच्या काट्यावर ठेवली.
वर ठसठशीत वीस.
काटा म्हणाला, साडेअठरा.
म्हणजे ज्यानं मला आडवं केलं
तेही तेवढं नव्हतं.
चकती परत जागेवर ठेवली. मास्तरांना बोललो नाही.

हल्ली रिकामा दांडा घेऊन बसतो, उठतो.
भरमाणी जवळच असतो, बाटली हलवत नाही.
मांड्या थरथरतात, ज्यांची चौकशीच केली नव्हती
इतकी वर्षं.
खाली जाताना मोजतो,
ओंद,
एरड,
मूर.
मराठीत मोजलं तर पटकन दहा होतात.
त्या भाषेत मला अजून
घाई करता येत नाही.