तीन प्रती

काकाचे व्हिडिओ दोनशे चौदा.
अकरा वर्षं, इमेरेतीतल्या या अंगणात
रांजण कसा चढतो ते तो दाखवत आला:
माणसाहून उंच, जमिनीत पुरायचा,
द्राक्षाच्या रसाचा रांजण.
दिवसाला एक वीत, त्याहून जास्त नाही,
नाहीतर खालची माती
वरच्या मातीचं ऐकत नाही.

मूळ चित्रण? ते कुठेच नाही.
कार्ड एकच होतं. भरलं की वर चढवायचं,
पुसायचं, पुन्हा वापरायचं,
घमेल्यासारखं.
"वर आहे ना सगळं," झालिकोकाका म्हणायचा
आणि मातीचं बोट आभाळाकडे करायचा,
जणू तिथे आपलंच कोठार आहे
आणि किल्ली काकूच्या कमरेला.

मार्चमध्ये एक व्हिडिओ गेला.
एकशे सहावा, भट्टीचा.
शेजारच्या गुरामच्या गाडीत रेडिओ चालू होता,
कुठल्याशा गाण्याचं दीड कडवं त्यात शिरलं,
गाणं ज्यांचं होतं त्यांनी हरकत घेतली.
सात दिवस, सात रात्रींची आग
दीड कडव्यापायी विझली.
काका बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"गुरामला विचार, रेडिओ केवढ्याला देतो.
फोडायचाय."

त्या रात्रीपासून मी उतरवायला बसले.
एकेक.
वीज जायची, तीही अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर,
आधी नाही, नंतर नाही.
उतरलेली माती जरा फिकी,
रांजणाच्या कडेला बारीक चौकटी.
काकाने पडद्यावर नख घासून पाहिलं.
"ही माझी माती नाही."
"आता हीच आहे," मी म्हणाले,
आणि म्हटल्यावर वाटलं, नको होतं म्हणायला.

डिस्कवर नावं उमटलीच नाहीत.
आमच्या गोल गोल अक्षरांच्या जागी
नुसते चौकोन, रांगेत, मुके.
म्हणून वहीत लिहून ठेवलं, पेन्सिलीने:
सदतीस, गळा. काका शिंकतो.
ब्याऐंशी, आतून मेण. हात भाजतो, दाखवत नाही.
एकशे चाळीस, भेग का पडते. शिव्या आहेत,
लहान मुलांसमोर लावू नये.

एक डिस्क इथे, पिठाच्या डब्यावर.
एक शाळेत, नकाशांच्या कपाटात.
तिसरी बातुमीला, नाझीब्रोलाआत्याकडे,
मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर,
लोकरीच्या मोज्यात घालून.
त्याने विचारलं, फुटायचं सामान आहे का?
काका म्हणाला, अकरा वर्षं आहेत,
वळणं बेतानं घे.

पण नुसतं उतरवून भागत नाही.
उघडून बघावं लागतं,
हिवाळ्यानंतर रांजणाचं झाकण काढतात तसं,
आधी नाक पुढे करून.

तसं बघताना तो सापडला. दोनशे तेरावा.
कुणालाच न दाखवलेला, कुलपातला.
कॅमेरा चुकून चालू राहिलाय, चाळीस मिनिटं.
ओला रांजण. सावली सरकते.
कोंबडी येते, रांजणाला एका डोळ्याने बघते,
मग दुसऱ्याने,
जाते.
आणि एकोणिसाव्या मिनिटाला
चौकटीबाहेर
कुणीतरी खोकतं.

काका म्हणाला, तुझा बाप. असाच खोकायचा,
दोनदा, मग थांबून एकदा.
काकू म्हणाली, छे, तो पोस्टमन,
पेन्शन घेऊन आलेला.
गुराम म्हणाला, माझाच, तेव्हा मी ओढायचो.
आत्याने फोनवर ऐकलं. काहीच बोलली नाही.
मग म्हणाली, पुन्हा लाव.

"रिकामा आहे तो," काका म्हणतो,
"जागा खातो. काढून टाक."
सगळ्यात जड फाईल तीच, हे खरं.
मी मान हलवते आणि चहा ठेवते.
वहीत तिच्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.
तिन्ही डिस्कवर आहे ती.
काल रात्री पाणी प्यायला उठले, तर
खोलीत उजेड होता,
आणि काका एकोणिसाव्या मिनिटाची
वाट बघत बसला होता.