कढईच्या अलीकडे

दवाखान्यातल्या बाईंनी छापील कागद दिला:
ॲव्होकॅडो, बदामाचं दूध, कसलंसं बी
जे रात्रभर पाण्यात फुगतं.
साखर वाढलीय, म्हणाल्या, शिजवलेलं कमी करा,
कच्चं वाढवा.
मोठ्या दुकानात जाऊन ते फळ मी हातात घेतलं.
एक नग, सातशे बैसा.
दुसऱ्याचं तान्हं जरा घेऊन
आईकडं परत द्यावं, तसं ठेवलं खाली.

पैशाला इथं बैसा म्हणतात.
आठ वर्षं विनवतोय, बैसा रे बाबांनो, घटकाभर बैसा.
एक टेकत नाही.

मग कागद उलटा केला.
कोऱ्या बाजूवर माझ्या अक्षरात:
मटकी.
मुळा, पाल्यासकट.
जर्जीर, शंभराला दोन जुड्या.
काकडी, बाजार उठताना.
खजूर दोन. खोडून, एक.

सोहारच्या भाजीबाजारात सालिम म्हातारा
कोबीची वरची पानं सोलून टोपलीत टाकतो.
ती मागितली तर म्हणाला, बकरी पाळलीस का?
पाळलीय, म्हटलं. सेहेचाळीस वर्षांची.
तो इतका हसला की दोन लिंबं वर टाकली.

मटकी जुन्या बनियनमध्ये बांधून
एसीच्या पाठीमागं टांगली, जिथून गरम वारा येतो.
शंभू महतोला वाटलं, नवस बोललोय.
सकाळी बनियनमधून शेपट्या बाहेर.
बंदरावर मी वेल्डिंग करतो, दिवसभर लोखंड वितळवतो,
आणि डब्यात हे, ज्याला आच माहीत नाही.

तसं जुलैत इथं काही कच्चं राहत नाही.
टाकी छपरावर, नळाचं पाणी हाताला चटका देतं.
पाला धुवायला धरला तर मान टाकतो.
पिण्याच्या बाटलीतलं ओंजळभर घेऊन धुतो,
आणि तेच पाणी मग मटकीवर.

पहिला आठवडा पोट रात्री बोलायचं.
वरच्या बंकवरचा सुनीर काठी आपटायचा.
चहा सुटेना.
चहा म्हणजे उकळलेलाच की, परकार म्हणाला,
मग गॅसचे पैसे दे.
बरोबर होतं. एका कपाचे किती,
त्यावर चौघांत तासभर वाद झाला,
शेवटी महिन्याला दोनशे बैसा ठरले.

कुंदा फोनवर म्हणाली,
कच्चं? म्हणजे उपास?
नाही गं.
मग भांडलास का कुणाशी?
गडहिंग्लजात तिच्या मागं फोडणी चरचरली,
मी फोन कानाला तसाच धरून ठेवला,
ती हॅलो हॅलो करत राहिली.

भिंतीवर पाळ्यांचा तक्ता आहे.
शनिवार महतो, रविवार सुनीर.
मंगळवारी माझं नाव होतं: इंगवले.
परकारने त्यावर सरळ रेघ मारली, पट्टी लावून.
वाईट हेतू नव्हता. स्वयंपाक नाही तर पाळी कसली.
पण त्या दिवसापासून
जेवायला चल, असं कुणी म्हणेना.
मी सहालाच बंकवर बसून मुळा खायचो,
आणि मुळ्याचा आवाज फार होतो.

गुरुवारी रात्री मटण.
सुनीरचा अंगठा कापला होता, टाके पडलेले.
कांदे दीड किलो.
मी खाली उतरलो, सुरी घेतली.
कांदा, आलं, मिरची, कोथिंबिरीचे देठ वेगळे.
नारळ फोडला तो मीच, पाणी चौघांत,
खवताना एक चकती तोंडात गेली, कुणी हटकलं नाही.
परकार बसल्या बसल्या दापोलीच्या बहिणीची गोष्ट सांगत होता,
मध्येच म्हणाला, बारीक रे, अजून बारीक.

आता तक्त्यावर रोजच माझं नाव आहे,
खाली, कोपऱ्यात: चिरणे, इंगवले.
तेल तापेपर्यंत सगळं माझं.
मग ताट सरकवतो त्यांच्याकडं,
आपली वाटी घेऊन तिथंच बसतो, जमिनीवर,
डोळ्यांत कांदा.

साखर उतरली, पण थोडीच.
बाईंनी विचारलं, बदामाचं दूध जमतंय का?
जमतंय, म्हटलं.